१४ आठवडे, १२ गाणी, आठवड्याला एकच तालीम : महिला वृंदाच्या हंगामाची आखणी कशी करावी?

वृंदलेखनिक

नमस्कार. आमच्या हौशी महिला वृंदाचा हंगाम पुढच्या आठवड्यात सुरू होतोय आणि बरोबर १४ आठवड्यांनी कार्यक्रम आहे. एकूण ३४ जणी : सोप्रानो १ मध्ये ११, सोप्रानो २ मध्ये १०, अल्टो १ मध्ये ८ आणि अल्टो २ मध्ये ५ (सोप्रानो म्हणजे वरचा स्त्री-आवाज, अल्टो म्हणजे खालचा). नोटेशन वाचता येणाऱ्या साधारण निम्म्या, बाकीच्या कानाने बसवतात. तालीम आठवड्यातून एकदा, दोन तास. गाणी १२ निवडली आहेत, त्यांतली ४ साथीशिवाय, चार आवाजांची.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, कोणत्या आठवड्यात काय घ्यावं? दोन, साथ नसलेल्या गाण्यांत शेवटापर्यंत सूर अर्ध्या स्वराने, कधी पूर्ण स्वराने उतरतो. पुढच्या गाण्याला कीबोर्ड वाजला की सगळ्यांनाच ते कळतं. यावर उपाय काय? तीन, पाठ करावं की हातात फोल्डर घ्यावं, यावरून आमच्यात दोन तट आहेत. शक्यतो आकड्यांत सांगा, समितीपुढे ठेवता येईल.

पेन्सिलवाली

आधी गाणी कमी करा. हिशोब मांडते.

दोन तासांची तालीम म्हणजे १२० मिनिटं गाणं नव्हे. १२ मिनिटं आवाज तापवणं, १० मिनिटं मध्यंतर, ३ मिनिटं सूचना. हाती राहतात ९५ मिनिटं. १४ तालमींची १३३० मिनिटं. शेवटच्या दोन तालमींत फक्त सलग कार्यक्रम म्हणायचा असतो, नवीन काही बसत नाही. त्या वजा केल्या की शिकायला ११४० मिनिटं उरतात. १२ गाण्यांत वाटली तर गाण्याला ९५ मिनिटं. साथीच्या दोन आवाजी गाण्याला तेवढी पुरतात. साथीशिवायच्या चार आवाजी गाण्याला, निम्म्या जणी कानाने शिकणाऱ्या असताना, १८० ते २०० मिनिटं लागतात. तुमच्या यादीत अशी चार आहेत, म्हणजे तिथेच ११४० पैकी जवळजवळ ७६० मिनिटं गेली.

मी अशी वाटणी करेन : एकूण १० गाणी. दोन मागच्या हंगामातली, उजळणीसाठी प्रत्येकी ६० मिनिटं. साथीशिवाय तीनच, प्रत्येकी १९०. उरलेली पाच साथीची, प्रत्येकी ९०. बेरीज १२० + ५७० + ४५० = ११४०. यात गैरहजेरीची तूट धरलेली नाही, म्हणून यावर एकही गाणं वाढवू नका.

आता आठवडे. कार्यक्रमाच्या दिवसापासून मागे मोजा. चौदावी तालीम सभागृहात. तेरावीत न थांबता पूर्ण कार्यक्रम, कंडक्टरने मध्ये बोलायचं नाही, चुका कागदावर लिहायच्या. बाराव्या तालमीत उत्तरार्ध आणि अकराव्या तालमीत पूर्वार्ध, दोन्ही मंचावरच्या क्रमाने आणि उभं राहून. नवव्या-दहाव्या तालमीत शब्द, श्वासाच्या जागा, आवाजाचा चढउतार. या दोन तालमींत कीबोर्डवर कोणाचाही भाग वाजवायचा नाही. आठवा आठवडा ही स्वरांची शेवटची मुदत. आठव्या तालमीच्या शेवटी ज्या गाण्याचे स्वर चारही फळ्यांना (म्हणजे आवाजांच्या गटांना) येत नाहीत ते गाणं तिथेच गळतं. ही मुदत पहिल्याच दिवशी लेखी जाहीर करा. नाहीतर अडखळणारं गाणं तेराव्या आठवड्यापर्यंत ओढलं जातं आणि बाकीच्या नवांची मिनिटं खातं.

पहिल्या दोन आठवड्यांत सगळी दहा गाणी एकदा टोकापासून टोकापर्यंत म्हणून घ्या, कितीही चुकली तरी. कठीण पानं कुठे आहेत ते तेव्हाच दिसतं. तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत दर तालमीत ४० मिनिटं फळ्या वेगळ्या खोल्यांत : दोन्ही सोप्रानो एकत्र, दोन्ही अल्टो एकत्र. यात नेहमीची गडबड अशी की दोन खोल्यांत एकच ओळ दोन लयींत आणि दोन ठिकाणी श्वास घेऊन बसते. एकदा बसलं की मोडायला दुप्पट वेळ लागतो. म्हणून खोल्यांत जाण्याआधी लय मेट्रोनोमवर (ठरावीक लयीत ठोके देणाऱ्या यंत्रावर) ठरवा, श्वासाच्या खुणा सगळ्यांच्या कागदावर आधीच करा, आणि त्याच तालमीत शेवटची १५ मिनिटं एकत्र म्हणा.

गाणं शेवटाकडून बसवा. सुरुवात तालमींत चाळीस वेळा म्हटली जाते, शेवट दहा वेळा. मग कार्यक्रमात जिथे दम संपत आलेला असतो तिथेच सगळ्यात कमी सवय असते. शेवटचे १६ बार (नोटेशनमधले मात्रांचे गट) आधी, मग त्याआधीचे १६. असं केलं की गाणारी प्रत्येक वेळी ओळखीच्या भागाकडे चालत जाते.

आणि एका गाण्याला एका तालमीत २५ मिनिटांहून जास्त नको. त्यापेक्षा दोन आठवडे सलग २०-२० मिनिटं द्या. मध्ये एक आठवडा रिकामा गेला तर कानाने शिकणाऱ्यांचं निम्मं पुसलं जातं.

मंद्रसप्तक

सूर उतरण्याबद्दल. वृंद सगळ्या गाण्यात सारखा उतरत नाही, बहुतेक दोन-तीन ठरावीक जागी घसरतो. आधी त्या जागा शोधा. तालीम फोनवर रेकॉर्ड करा आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी कीबोर्डवर स्वर तपासा. कोणत्या ओळीत घसरलं ते कळलं की कारणही सापडतं.

सगळ्यात जास्त सापडणारं कारण पायऱ्यांचं असतं. खाली येताना पायरी मोठी पडते, वर जाताना लहान. दोन्हींचा परिणाम एकच, खाली जाणं. उपाय तसा साधा आहे : उतरत्या ओळीत प्रत्येक स्वर मागच्याला चिकटून आहे असं समजून लहान पावलं टाकायची, चढत्या ओळीत मोकळी. त्याखालोखाल एकाच स्वरावर लागोपाठ येणारे शब्द. आठ अक्षरं एका स्वरावर असली तर आठवं अक्षर हमखास खाली असतं. प्रत्येक अक्षर नव्याने वरून ठेवायचं. आणि श्वासानंतरचा पहिला स्वर. घाईत घेतलेला श्वास वरवरचा असतो, म्हणून स्वर खालून सुरू होतो आणि मग वर ओढला जातो. श्वास घेताना पुढचा स्वर मनात ऐकून घ्यायला सांगा.

कॉर्डमधल्या (एकत्र लागणाऱ्या स्वरांच्या जुळणीतल्या) तिसऱ्या स्वराची, म्हणजे गंधाराची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते. कीबोर्डवर अर्धा स्वर १०० सेंटचा असतो. मेजर कॉर्डमधला गंधार कीबोर्डवर जिथे असतो, त्यापेक्षा कानाला शुद्ध वाटणारा गंधार साधारण १४ सेंट खाली आहे. साथ नसली की चांगले कान आपोआप तो खालचा गंधार धरतात, आणि कॉर्ड छान जुळते. तोपर्यंत ठीक. पण पुढच्या कॉर्डमध्ये तोच स्वर आधारस्वर झाला तर त्यावर उभी राहिलेली सगळी कॉर्ड १४ सेंट खाली येते. असं सात वेळा झालं की अर्धा स्वर गेला. म्हणून ज्या जागी गंधाराचा आधारस्वर होतो तिथे पेन्सिलने वर जाणारा बाण काढा. तो स्वर ज्या फळीकडे आहे तिने कॉर्ड बदलताना स्वर किंचित उचलायचा. शिवाय गंधार नेहमी हलका, षड्ज आणि पंचम भक्कम. गंधार गाणारी फळी जोर लावते तेव्हा कॉर्ड आंबट लागते आणि बाकीच्या उगाच आपला स्वर हलवू लागतात.

पट्टीही तपासा. एफ मेजर, म्हणजे पांढरी चार, ही वृंदाला घसरवणारी पट्टी म्हणून ओळखली जाते. सोप्रानोचे बरेच स्वर आवाजाचा पोत बदलतो त्या सांध्यावर पडतात. गाणं अर्ध्या स्वराने वर काळी तीनला नेऊन बघा, किंवा खाली पांढरी तीनला. पुष्कळदा एवढ्याने घसरण निम्मी होते. साथ नसलेल्या गाण्याला छापलेल्या पट्टीचं बंधन नाही.

सरावासाठी तंबोऱ्याचा षड्ज लावा (ॲप चालेल) आणि प्रत्येक फळीने आपला भाग फक्त ‘नु’ वर म्हणायचा. शब्द गेले की कान मोकळा होतो. गाण्यात षड्ज बदलत असेल तर त्या बारपाशी तंबोरा थांबवा, नाहीतर तो चुकीची सवय लावेल. दुसरा सराव : दोन बार मोठ्याने, दोन बार मनात, पुन्हा मोठ्याने. परत येताना कोण कुठे उतरलं ते लगेच ऐकू येतं. पहिल्या दिवशी गोंधळ होईल, सहा-सात तालमींत बसतं.

आणि साथीशिवायचं गाणं मध्यंतरानंतर लगेच, उभं राहून घ्या. कोंदट खोलीत, तासभर बसून थकल्यावर घेतलं तर ते उतरणारच, आणि त्यात गाणाऱ्यांचा दोष नसतो. लयही बघा. फार संथ घेतलं की श्वास पुरत नाही, आणि अपुऱ्या श्वासावरचा स्वर खालीच येतो.

वृंदलेखनिक

पेन्सिलवाली, गाण्यांचा हिशोब समितीला दाखवला. दोन गाणी काढली. मंद्रसप्तक, तपासून पाहिलं : दोन गाण्यांत घसरण अल्टो २ लांब स्वर धरते तिथूनच सुरू होते. पाच जणी आहेत आणि त्या जोर लावतात. सोप्रानो २ मधून चार-पाच जणींना तिथे पाठवावं का? त्या नोटेशन चांगलं वाचतात.

स्वरपेटी

सोप्रानो २ मधून थेट अल्टो २ मध्ये नको. वाचता येतं हा खाली पाठवायचा निकष नव्हे. प्रत्येकीचा आवाज एकटीला बोलावून पाच मिनिटं तपासा. प्रश्न ‘सगळ्यात खालचा स्वर कोणता’ हा नसतो, तो जवळजवळ सगळ्यांना एखाद-दुसरा लागतो. ‘पंधरा मिनिटं कुठे न थकता राहता येतं’ हे पाहायचं. अल्टो २ ला मधल्या सी-खालच्या पांढऱ्या पाचपर्यंत नीट ऐकू येईल असं गाता आलं पाहिजे.

स्त्री-आवाजाचे खालचे स्वर लांबवर पोचत नाहीत, वरचे आपोआप पोचतात. त्यामुळे संख्या खाली जास्त लागते. तुमच्याकडे नेमकं उलटं आहे. ३४ जणींची वाटणी वरून खाली ८, ८, ९, ९ अशी करा. त्यासाठी सगळ्यांनी एकेकच पायरी उतरायची : सोप्रानो १ मधून ३ जणी सोप्रानो २ मध्ये, तिथून ५ जणी अल्टो १ मध्ये, तिथून ४ जणी अल्टो २ मध्ये. कुणालाच दोन पायऱ्या उतराव्या लागत नाहीत आणि नवा भाग शिकण्याचा ताण वाटला जातो. हे पहिल्या दोन आठवड्यांतच करा, नंतर नाही.

अल्टो २ जोर लावते त्याचं कारण बहुतेक असं की त्या छातीचा आवाज वरपर्यंत ओढत नेतात. मधल्या सप्तकातल्या पांढऱ्या चारच्या आसपास तो सोडून हलक्या आवाजात जायला हवं. ओढत नेला तर आवाज जड होतो आणि सूर खाली बसतो. सराव नेहमी वरून खाली : प म ग रे सा, ‘ऊ’ वर, हलक्या आवाजात सुरू करून तोच हलकेपणा खाली न्यायचा. दर वेळी अर्धा स्वर खाली.

आवाज तापवायची १२ मिनिटं मी अशी वाटेन. २ मिनिटं खांदे, मान, जबडा सैल करणं. २ मिनिटं श्वास : चार मोजत आत, ‘स्स’ करत १६ मोजत बाहेर, पुढे २० पर्यंत. ३ मिनिटं ओठांची फुरफुर आणि मिटल्या ओठांनी ‘म’, मधल्या भागातच. ३ मिनिटं उतरत्या पाच स्वरांच्या ओळी, इथे हळूहळू वर. शेवटची २ मिनिटं ऐकण्यासाठी : एका स्वरावर सगळ्या, मग फळ्यांनी कॉर्ड, मग प्रत्येक फळी अर्ध्या स्वराने वर आणि परत. सुरुवातीलाच वरचे स्वर मागू नका. दिवसभर बोलून आलेला आवाज थंड नसतो, थकलेला असतो.

वयाबद्दल नीट लिहायला हवं, कारण हौशी महिला वृंदात हा प्रश्न हटकून असतो आणि त्यावर कोणी बोलत नाही. रजोनिवृत्तीच्या काळात बऱ्याच जणींचा आवाज खाली येतो, घसा कोरडा पडतो, वरचे स्वर सुटतात, हलका आवाज बेभरवशाचा होतो. पाळीच्या आधीच्या दिवसांतही काहींच्या स्वररज्जूंना सूज असते आणि वरचे स्वर जड जातात. आवाज संपला असा याचा अर्थ नाही. मात्र सोप्रानो १ धरून ठेवण्यात नुकसान आहे. दर हंगामाच्या सुरुवातीला सगळ्यांचीच तपासणी करण्याचा नियम ठेवा, म्हणजे फळी बदलणं कुणा एकीवर आलेली वेळ ठरत नाही. पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं. तालमीत प्यायलेला घोट स्वररज्जूंवरून जात नाही, त्याचा उपयोग नंतर होतो. घसा बसला तर कुजबुजणंही टाळा, त्याचाही ताण पडतो. तीन आठवड्यांहून जास्त घोगरेपणा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवाच.

गाणी निवडताना एक पाहा. मिश्र वृंदासाठी लिहिलेल्या गाण्याची महिलांसाठी केलेली घाईची मांडणी बहुधा फसते. पुरुषांचा खालचा आवाज एक सप्तक वर उचलला की तो इतर आवाजांच्या मध्येच येतो, आधारस्वर तळाशी राहत नाही आणि कॉर्ड डळमळते. मुळातच वरच्या आवाजांसाठी लिहिलेलं संगीत घ्या. इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्ट लंडनमध्ये मुलींच्या शाळेत शिकवायचे. स्वतः संस्कृत शिकून त्यांनी ऋग्वेदातल्या सूक्तांचे अनुवाद केले आणि त्यांवर वृंदसंगीत लिहिलं. त्यातला १९१० मधला तिसरा संच स्त्री-आवाज आणि हार्प यांच्यासाठीच आहे. खालचा आवाज तळ सांभाळतो तो कसा, हे शिकायला तो फार चांगला. इटालियन संगीतकार पेर्गोलेसी यांचं १७३६ मधलं स्टाबाट माटेर हे लॅटिन भक्तिसंगीत सोप्रानो, अल्टो आणि तंतुवाद्यांसाठी आहे. दोनच आवाज असल्यामुळे सुरू करायला सोपं, पण लांब स्वरांमुळे श्वासाची परीक्षा घेतं.

तिसरी_रांग

श्वासाचा विषय निघालाच आहे तर : लांब ओळीत पाळीपाळीने श्वास घ्यायचा असतो, पण ‘पाळीपाळीने घ्या’ एवढं सांगून ते होत नाही. ओळ जिथे संपते किंवा स्वल्पविराम येतो तिथे सगळ्यांनाच श्वास घ्यावासा वाटतो आणि भोक पडतं. नियम असे द्या. शब्दांच्या मधल्या जागी श्वास नाही, लांब स्वराच्या मधोमध घ्यायचा. शेजारणीने घेतला की आपण थांबायचं. सोडताना आवाज कमी करत जायचं, परत येताना हळू शिरायचं. व्यंजनापासून सुरुवात करायची नाही, स्वरावर शिरायचं. रांगेतल्या विषम क्रमांकांच्या जणींनी दुसऱ्या मात्रेवर, सम क्रमांकांच्या जणींनी चौथ्या मात्रेवर, असं लिहून दिलं तर दोन तालमींत जमतं.

मराठी शब्दांचे उच्चार दहाव्या आठवड्यापर्यंत लांबवू नका. ‘चंद्र’ मधला च आणि ‘चांदणे’ मधला च वेगळे आहेत, ‘जीवन’ आणि ‘जाग’ मधले ज वेगळे आहेत. ३४ जणींत हे मिसळले की शब्द ऐकूच येत नाही. अनुस्वाराची ओढ त्याहून जास्त त्रास देते. ‘मंद’, ‘वंदन’ मध्ये लगेच न् वर गेलं की आवाज बंद होतो. स्वर शेवटच्या क्षणापर्यंत उघडा ठेवून मगच मिटायचा. ‘संसार’, ‘सिंह’, ‘संवाद’ मध्ये तर न् म्हणायचाच नाही. आणि शेवटचा अकार : ‘घर’ लांबवताना निम्म्या जणी ‘घरा’ म्हणतात आणि अर्थ बदलतो. लांबी ‘घ’ वर घ्यायची आणि ‘र’ शेवटी नुसता टेकवायचा, की दोन्ही अक्षरं वाटून घ्यायची, हे कंडक्टरने गाण्यागणिक ठरवून सगळ्यांच्या कागदावर लिहून घ्यावं. शेवटी ‘स’ किंवा ‘श’ येत असेल तर तो प्रत्येक फळीतल्या दोघींनीच म्हणायचा.

पाठ की फोल्डर : माझं मत पाठच. डोळे कागदावर असले की हनुवटी खाली जाते, आवाज फोल्डरवर आपटतो आणि कंडक्टरची खूण अर्धी मात्रा उशिरा दिसते.

पेन्सिलवाली

पाठाच्या बाबतीत मी सहमत नाही, निदान या वृंदासाठी तरी नाही. आठवड्याला एक तालीम आणि दहा गाणी, त्यातली तीन गाणी चार आवाजांची. सगळं पाठ करायला लावलं तर ज्यांना येत नाही त्या शेजारणीकडे कान देऊन अर्धी मात्रा मागून गातात, म्हणजे उशीर तो उशीरच. जुनी दोन आणि साथीची तीन पाठ, बाकीची पाच फोल्डर घेऊन. फोल्डरची गाणी कार्यक्रमात सलग ठेवा, म्हणजे फोल्डर एकदाच उघडतो. आणि प्रत्येक गाण्याची पहिली व शेवटची ओळ सगळ्यांनाच पाठ हवी, कारण सुरुवात आणि शेवट कंडक्टरकडे बघितल्याशिवाय जमत नाही. फोल्डर छातीच्या वरच्या बाजूला, हात थोडे पुढे, डोळे वर उचलले की लगेच कंडक्टर दिसेल असा. पानं उलटण्याच्या जागा आठव्या आठवड्यातच पाहा. हळू गाण्याच्या मधोमध ३४ पानं एकदम उलटली की सभागृहभर ऐकू येतं. तिथे पान आधी किंवा नंतर, फळीगणिक वेगळ्या बारला उलटा.

कागदांना १ ते ४० क्रमांक घाला, प्रत्येकीचा क्रमांक वहीत लिहा, कार्यक्रमाच्या रात्रीच परत घ्या. खुणा फक्त पेन्सिलने. बारना क्रमांक नसतील तर पहिल्या तालमीआधी घाला. ‘दुसऱ्या पानावर तिसऱ्या ओळीत’ म्हणत जागा शोधण्यात दर वेळी अर्धं मिनिट जातं, ते हंगामभरात तास-दीड तास होतं. आणि प्रती विकत घेतलेल्या असू द्या, एका प्रतीच्या झेरॉक्सवर ३४ जणींनी गाऊ नये.

कानाने शिकणाऱ्यांसाठी प्रत्येक फळीचं वेगळं रेकॉर्डिंग लागेल : एका कानात आपला भाग, दुसऱ्या कानात बाकीचे. एक प्रत मूळ लयीत, एक ८० टक्के लयीत. सुरुवातीचा स्वर आणि दोन बार मोजणी हवी. गाणारीने कागदावरच्या खुणांप्रमाणेच श्वास घेतलेला हवा, नाहीतर सगळ्या तिच्या चुकीच्या जागी श्वास घ्यायला शिकतात. रेकॉर्डिंग दुसऱ्या आठवड्यापर्यंत हातात नसेल तर त्याचा फायदा फार थोडा.

हजेरी एकूण मोजू नका, फळीप्रमाणे मोजा. २६ जणी आल्या हे चांगलं वाटतं, पण त्यात अल्टो २ च्या तीनच असतील तर त्या दिवशी चार आवाजी गाणं घेऊन उपयोग नाही. येणार नसलेल्यांनी आदल्या रात्रीपर्यंत फळीप्रमुखाला कळवायचं, फळीप्रमुखाने कंडक्टरला. नियम सुरुवातीलाच : १४ पैकी ३ गैरहजेरी चालतील, पण शेवटच्या तीन तालमींत एकही नाही. नव्या सभासदांना प्रवेश पहिल्या दोन आठवड्यांतच.

रंगमंचामागून

सभागृहाबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून.

तीन पायऱ्यांचे रायझर, रांगा १०, १२, १२. प्रत्येकीला ५५ सेंटिमीटर रुंदी धरा, म्हणजे १२ जणींना ६ मीटर ६० सेंटिमीटर. याहून दाटीवाटीने उभं केलं तर स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि सूर बिघडतो. मंच मोठा असेल तर वीतभर अंतर वाढवा, फरक लगेच कळेल. पुढच्या दोघींच्या मधल्या फटीतून मागचीला कंडक्टर दिसला पाहिजे. सगळ्यात वरच्या पायरीला मागे कठडा हवाच. उभं राहण्याच्या जागा अकराव्या तालमीला ठरवा आणि नंतर बदलू नका, शेजारणीचा आवाज हा प्रत्येकीचा आधार असतो. तीन-तीन जणींत एक हातातला माइक हा प्रकार नको, त्यात माइकजवळच्या तिघींचेच आवाज ऐकू येतात. ३४ जणींना दोन कंडेन्सर माइक पुरतात : पुढच्या रांगेपासून साधारण १ मीटर पुढे, अडीच ते तीन मीटर उंचीवर, मागच्या रांगेकडे तोंड करून. दोन माइकमधलं अंतर गाणाऱ्यांपासूनच्या अंतराच्या किमान तिप्पट, म्हणजे ३ मीटर.

सभागृहातली तालीम शक्यतो आदल्या दिवशी. त्याच दिवशी असेल तर ७५ मिनिटांत संपवा आणि कार्यक्रमाआधी दोन तास मोकळे ठेवा. पूर्ण कार्यक्रम म्हणायचा नाही. मंचावर येणं-जाणं, पहिलं गाणं पूर्ण, साथ नसलेल्या गाण्यांचे पहिले आठ बार आणि शेवटचं पान, एवढंच. वरचे स्वर अर्ध्या आवाजात किंवा सप्तकभर खाली. रिकामं सभागृह भरलेल्यापेक्षा जास्त घुमतं, माणसं आवाज शोषतात. तालमीत जो गोड घुमार ऐकला तो रात्री नसेल, हे आधी सांगून ठेवा. नाहीतर पहिल्या गाण्यात आवाज कोरडा वाटला म्हणून सगळ्या जोर लावतात.

क्रम लावताना पहिलं गाणं साथीचं आणि अंगवळणी पडलेलं. पहिल्या गाण्यात लय हमखास पळते, कीबोर्डवालीने ती धरून ठेवायची. सगळ्यात कठीण गाणं दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागी, आवाज तापलेला आणि थकलेला नसताना. मोठ्या आवाजाच्या गाण्यानंतर लगेच साथीशिवायचं हळू गाणं नको. दर दोन गाण्यांमध्ये ४० सेकंद धरा.

दीड तास उभं राहायचं तर गुडघे ताठ ठेवू नका. गुडघे कडक करून एकाच जागी, दिव्यांच्या उष्णतेत उभं राहिलं की चक्कर येते. आधी अजिबात न खाता येणंही तितकंच वाईट, दोन तास आधी हलकं खाऊन यायचं. सपाट चपला किंवा बूट, वाजणाऱ्या बांगड्या नाहीत, अत्तर नाही. वासाने शेजारणीला खोकला लागतो. चक्कर येतेय असं वाटलं तर जिथे आहे तिथेच खाली बसायचं, पायऱ्या उतरायला जायचं नाही. हे सगळ्यांसमोर आधी एकदा सांगितलेलं असावं.

वृंदलेखनिक

सगळ्यांचे मनापासून आभार. वाटणी ८, ८, ९, ९ ठरली, आठव्या आठवड्याची मुदतही. एकच उरलं : साथीशिवायच्या गाण्याला स्वर कोणी आणि कसा द्यायचा? कीबोर्डवर चार स्वर वाजवले की श्रोत्यांना तालीम चालू आहे असं वाटतं.

मंद्रसप्तक

टाळ्या चालू असतानाच. प्रत्येक फळीत एक स्वरप्रमुख ठरवा. अल्टो १ च्या प्रमुखाकडे ४४० हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे पांढरी सहा. ती तो गुडघ्यावर आपटून कानाशी धरते, त्यावरून गाण्याचा षड्ज काढते आणि मिटल्या ओठांनी हळूच देते. बाकीच्या तीन प्रमुख आपापल्या फळीचा स्वर तसाच पुढे देतात. सगळं पाच-सहा सेकंदांत होतं. याचा सराव नवव्या आठवड्यापासून दर तालमीत करा, आणि त्या आठवड्यापासून कंडक्टरने स्वतः स्वर देणं बंद करावं.

शक्य असेल तिथे त्याचीही गरज ठेवू नका. आधीचं साथीचं गाणं ज्या स्वरावर संपतं तोच पुढच्या गाण्याचा षड्ज किंवा पंचम असेल असा क्रम लावा. प्रमुखांनी शेवटचा स्वर टाळ्यांमध्ये मनात धरून ठेवायचा, बस. मात्र आधीचं गाणं अर्ध्या स्वराच्या अंतरावरच्या पट्टीत असेल तर हे उलटं पडतं. कानात जुना षड्ज राहतो आणि निम्मी फळी त्यावरच सुरू करते. अशा दोन गाण्यांच्या मध्ये निवेदन ठेवा, वीस-तीस सेकंदांचं पुरे, आणि ते संपल्यावरच फोर्क वापरा.